उजवा हात पाहुणा

१४ मार्च, शनिवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, भिंगरीला पापा. आईला सांग, माझं पत्र आलंय आणि मी वेळेवर जेवते.

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उशिराला कारण नाही. कामाचं सांगता आलं असतं, पण काम नेहमीइतकंच आहे. अजून मोजमाप विभागातच आहे. लोक काटे, दाबमापक, नट किती आवळला ते दाखवणारे पाने आणून टाकतात आणि ते खरं बोलतात की नाही हे मी तपासते. आमचे साहेब म्हणतात, मी माणसांकडेही तशीच बघते. खोली तीच. न्हाणीघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर मीच बदलला.

तू विचारलं होतंस, "तलवारबाजी? तुला? झुरळ दिसलं की टेबलावर चढणारी तू!" झुरळाचा इथे संबंध नाही. याला केंडो म्हणतात. तलवार बांबूची, चार पट्ट्या एकत्र बांधलेली. तिला धार नसते. मला वाटलं होतं उड्या, आरोळ्या, दणादण घाव असं काहीतरी असेल. प्रत्यक्षात सबंध हिवाळा मी फक्त मूठ धरायला शिकतेय आणि तेवढंही मला येत नाही.

नीट सांगते. डावा हात मुठीच्या अगदी टोकाला, करंगळी शेवटच्या काठावर. उजवा वर, मुठीच्या वरच्या टोकाला हात वाचवायला चकती असते तिच्या जरा खाली. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत; अंगठा आणि तर्जनी नुसती टेकलेली. घाव बसतो त्या क्षणी दोन्ही हात ओला टॉवेल पिळल्यासारखे आत वळवायचे आणि लगेच सैल सोडायचे. झालं. लिहायला इतक्याच ओळी लागतात, म्हणून जास्त चीड येते.

आमचे सर एरवी दातांचे डॉक्टर आहेत. आवाज चढवतात तोही माफी मागितल्यासारखा. "उजवा सोडा," ते मला म्हणतात. "उजवा हात पाहुणा आहे. घर डाव्याचं." माझ्याकडे पाहुणाच घर बळकावून बसलाय. तलवार डोक्यावर नेईपर्यंत सगळं ठीक असतं आणि घाव घालायच्या वेळी डावा हात उघडतो. घसरत नाही, थकत नाही. कुणी दार वाजवल्यावर कडी काढावी तसा आपला आपण उघडतो.

"करंगळी! करंगळी!" एकदा सर हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले.

माझी जोडीदार एक बेकरी चालवते. मनगटं अशी की तिच्यापुढे आपली पेन्सिली वाटावीत. ती म्हणाली, "सर, जाऊ द्या की तिला, केव्हाची विचारतेय."

सगळा हॉल हसला. मी हसले नाही. घरी आल्यावर हसले, थोडं.

मग एकदा हात सुटला तो नको तिथे. तलवार आडवी फिरली आणि बेकरीवालीच्या कोपरावर बसली.

"ही तलवार आहे का झाडू गं?"

"चुकून लागलं."

"चुकून लागलं म्हणे! उद्या कणीक कोण मळणार? तू येतेस पहाटे?"

तिने ते हसण्यावारी नेलं. सरांनी नाही नेलं. माझ्याबरोबरचे सगळे चिलखत घालून एकमेकांशी लढणाऱ्यांच्या गटात गेले आणि मला त्यांनी बाजूला घेतलं. "तुम्हाला अजून घेता येत नाही. तुमचा हात सुटतो तेव्हा समोरच्याला लागतं." मला राग आला. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त आला. त्या दिवशी तलवारीची पिशवी खोलीच्या कोपऱ्यात फेकली आणि मग उठून सरळ करून ठेवली.

नंतर मी कामावर करते तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मुठीवरची कातड्याची खोळ बदलली. हात कोरडे करून पाहिले, ओले करून पाहिले. उभं राहायची जागा बदलली. घरी पडद्याचा दांडा घेऊन आरशासमोर घाव घातले. तिथे हात एकदाही उघडला नाही. घरी बरोबर, हॉलमध्ये चूक. काटा आमच्या टेबलावर खरं बोलतो आणि कारखान्यात खोटं, तेव्हा दोष काट्यात शोधायचा नसतो, कारखान्यात शोधायचा असतो. हे मी नव्या मुलांना शिकवते. स्वतःच्या हाताबाबत सुचायला वेळ लागला.

गेल्या आठवड्यात सरांचा घसा बसला. घाव घालायचा इशारा तोंडाने देण्याऐवजी ते टाळ्या वाजवत होते. टाळी, घाव. टाळी, घाव. तास संपेपर्यंत माझी मूठ सुटली नाही. बेकरीवाली म्हणाली, "आज काय खाऊन आलीस? मलाही दे."

पुढच्या तासाला त्यांचा आवाज परत आला. माझ्यासमोर उभे राहिले, मी तलवार वर नेली आणि ते दवाखान्यात प्रत्येक उघड्या तोंडासमोर म्हणत असतील तसं म्हणाले, "हं."

हात उघडला.

ताई, "हं". कागदावर आवाज येत नाही, पण तुला आला असेल.

लहानपणी अभ्यासाला तू टेबलाच्या पलीकडे बसायचीस. मी अलीकडे, डाव्या हातावर ती निळ्या फुलांची पिशवी, मनगटाशी नाडी. शिवण किती सुबक होती. आईने माझ्यावर कधी हात उगारला नाही, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. ती शेजारी बसून शाळेतल्या वह्या तपासायची. पिशवी काढल्यावर माझा डावा हात पेन्सिलीकडे जायला लागला की मान वर न करता म्हणायची, "हं." बस्स. कुणी घरी आलं की पिशवीकडे बोट दाखवायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" सगळे हसायचे. मीही हसायचे. मग माझं उजव्या हाताचं अक्षर वर्गात पहिलं आलं आणि पिशवी फडताळात गेली.

सरांना मी म्हटलं, "इशारा देताना 'हं' म्हणू नका."

"मी 'हं' म्हणतो?"

"सर," बेकरीवाली म्हणाली, "तुम्ही दुसरं काय म्हणता?"

आता ते "चला" म्हणतात. तुला वाटेल, सुटला प्रश्न. नाही सुटला. मूठ राहते, पण खांदा आखडतो. हात "हं" ऐकायला थांबलेला असतो. इतक्या वर्षांनी, या वयात, बांबूची काठी हातात घेऊन! किती चिडचिड होते ते तुला सांगता येत नाही. पगारी कामात मी कुठल्याही काट्याचा दोष दुरुस्त करते, नाहीतर त्यावर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवते. हाताला चिठ्ठी लावता येत नाही.

आता उशिराचं कारण लिहिते. वर नाही म्हटलं होतं.

तू लिहिलंस, "आई नुसतं 'हं' म्हणते आणि भिंगरी आपणहून हात बदलते. जादूच! अगदी मावशीवर गेलीय." मी त्या ओळीपाशी थांबले, ती अजून तिथेच आहे. सोबत तू तिची दोन चित्रं पाठवलीस, एक जुनं, एक नवं. जुन्यात घोडा आहे, निदान मी तो घोडा समजते. त्याचे पाय कागदाबाहेर गेलेत आणि पेन्सिल इतकी दाबलीय की मागून बोट फिरवलं तर घोडा हाताला लागतो. नवं चित्र सुबक आहे. घर, कोपऱ्यात, लहान. मागून काही लागत नाही. मी दोनतीनदा तपासलं.

आईशी भांडू नकोस. ती भिंगरीला सांभाळते म्हणून तुझी नोकरी चालते, मला माहीत आहे. आई वाईट नाही. कात्र्या, बाक, दाराच्या कड्या, सगळं उजव्यांच्या सोयीचं, तेव्हा पोरीला त्रास नको, एवढंच तिला वाटतं. तिचं माप बरोबर होतं. उपाय चुकला. आणि तिने दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही, फक्त माझ्यातच केलं.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. आई "हं" म्हणाली की तू ऐकू जाईल असं म्हण, "असू दे." दर वेळी जमणार नाही. जमेल तेव्हा म्हण. आईने कारण विचारलं तर माझं नाव घे.

पुढच्या महिन्यात मी रजा घेऊन येतेय. आईला हे समोर बसून सांगायचंय. पण मी बोलायला तोंड उघडलं आणि ती मान वर न करता "हं" म्हणाली, तर माझं काय होईल याची खात्री मला नाही. म्हणून आधी तुला लिहून ठेवतेय, हातचं न राखता. मी गप्प बसले तर तू हे पत्र तिच्यासमोर ठेव.

इथून पुढे पेन दुसऱ्या हातात घेतेय. अक्षर वाकडं येईल, वेळ लागेल. ही ओळ भिंगरीला दाखव आणि कागद उलटा करून मागून तिचं बोट फिरव.

भिंगरी, मी पण डावी.

तुझं मापटं