माझे काप टिकतात

२ डिसेंबर १९८५
आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात नव्या आलेल्या सत्यवती मॅडमनी बकऱ्याच्या किडनीचे पातळ काप बाटलीत जिवंत ठेवलेत म्हणे. किडनीवर व्रण, म्हणजे जखमेनंतरचा कडक वण, कसा चढतो ते त्यात बघणार. प्राचार्य पुंडलिकराव तासभर तिथेच. वीस वर्षं मी प्राणिशास्त्राचं म्युझियम सांभाळतो, माझ्या सापांपुढे पाच मिनिटं थांबले नाहीत. मला मत्सर वगैरे नाही. जेवण गेलं नाही.

३ डिसेंबर
जानेवारीत नागपूरला परिषद. कॉलेजातून एकच जाणार. सीनियर मी. तरी प्राचार्य म्हणाले, भोजराजजी, काम दाखवा. ठीक आहे. आपणही काप करायचे. उद्या पहाटे उठून खाटीक गाठायचा.

४ डिसेंबर
उठलो नाही. थंडी. दहाला गेलो तर बाबुलाल खाटीक म्हणाला, ताजी तं मॅडमले देऊन टाकली, कालची आहे, चालते का जी? घेतली. दाढीच्या ब्लेडने काप केले. मॅडमचे कागदासारखे असतात, माझे भरदार. त्यांच्यासारख्याच द्रावणात ठेवले, वर किंचित फॉर्मालिन, म्युझियमच्या मेलेल्या प्राण्यांना घालतो तेच. टिकायला नको? आजवर एक बेडूक सडू दिलेला नाही मी.

७ डिसेंबर
मॅडमचे काप मेले. फार वाईट वाटलं, असं त्यांना म्हणालो. मग स्टाफरूममध्ये दोन चहा घेतले. माझे जसेच्या तसे.

१२ डिसेंबर
मॅडमनी परवा नव्या कापांत व्रण आणणारं औषध घातलं. मीही घातलं, त्यांच्याच कपाटातलं. त्यांच्या कापांत व्रण दिसू लागला, माझ्यात काहीच नाही. एसटी स्टँडजवळ एकदम उमगलं. मी व्रण थांबवलाय. घरी बायकोला, निर्मलाला सांगितलं. ती म्हणाली, मंग कुकर तं लावू द्या, मधात काहून उभे राहून राहिले?

१३ डिसेंबर
नागपूरचं भाषण लिहायला घेतलं. आभार झाले. त्यात मॅडमचं नाव घालावं की नाही, ठरेना.

१८ डिसेंबर
प्राचार्यांपुढे प्रात्यक्षिक. लग्नातला कोट घातला. मॅडमनी दोन्ही बाटल्यांत रंग टाकला. जिवंत काप रंग आत ओढून घेतात. त्यांचे लाल झाले, माझे पांढरेफटक. प्राचार्यांनी माझी बाटली हुंगली, डोळ्यांतून पाणी आलं. विचारलं, फॉर्मालिन? म्हटलं, टिकायला. मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर राग तरी करता आला असता. हळूच म्हणाल्या, सर, तुमचे पहिल्याच दिवशी मेले होते. जळतो मी या बाईवर. लिहून टाकलं.

९ जानेवारी १९८६
मॅडम नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, सर, माझ्या कापांचं द्रावण सकाळ-संध्याकाळ बदलाल? तुमच्याशिवाय कोणाला सांगू? बरं वाटलं. सकाळी बदललं, रंग टाकून पाहिला. जिवंत आहेत.
फॉर्मालिनचं कपाट कुलूपबंद आहे. शिपायाला किल्ली मागितली. तो म्हणाला, मॅडम घेऊन गेल्या.