माझ्या नावावरची चाकाची खुर्ची

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी, तुझा थोरला बंधू, वाणिज्य शाखेचा पदवीधर व रुग्णसाहित्य केंद्राचा मानद चिटणीस, हे पत्र एवढेच कळवण्यासाठी लिहितो की मी धडधाकट आहे. ‘आपल्या बंधूंकडील चाकाची खुर्ची परत करण्याची मुदत संपली आहे’ असा निरोप तुझ्या फोनवर रोज सकाळी येतो, त्यावर विश्वास ठेवू नये. तुझा खोकला कसा आहे? मी अंथरुणाला खिळल्याची बातमी नातेवाइकांत पसरवण्यापासून आमच्या मेहुण्यांना आवर.

घडले ते असे. गरजूंना कुबड्या, खुर्च्या वापरायला देणाऱ्या आमच्या केंद्राच्या नोंदी संगणकावर नेण्याचे काम महाविद्यालयातील चौघांनी विनामोबदला अंगावर घेतले. (त्याचे त्यांना परीक्षेत गुण आहेत, पण काम चोख झाल्याची सही मी केली तरच.) मी नियम बजावले: चाचणीत खऱ्या रुग्णाचे नाव नको, एका माणसाला एका वेळी एकच वस्तू, आणि झालेली नोंद पुसायची नाही. मुलांनी ते तंतोतंत पाळले व चाचणीसाठी एक चाकाची खुर्ची माझ्या नावावर दिल्याचे नोंदवले. नमुना अर्ज मीच भरून दिला होता. अर्धवट भरलेला अर्ज मला पाहवत नाही, म्हणून ‘जवळचे नातलग’ या रकान्यात तुझा क्रमांकही लिहिला.

तुझा रडवेला फोन आला, तसा मी जाब विचारायला तरातरा निघालो आणि केंद्राच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. (म्हणजे धडधाकट आहे, एक पाय वगळता.) डॉक्टर म्हणाले, कुबड्या घ्या. मुलांची म्होरकी, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तिने संगणकात पाहिले.

“काका, तुमच्याकडे खुर्ची बाकी आहे. कुबड्या नाही मिळणार.”

“अगं, ती खुर्ची खोटी आहे. जमा करून टाक.”

“वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमा करायची नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.”

मागे उरलेले तिघे तोंड दाबून हसत होते. मी तिथेच, एका पायावर उभा राहून, त्यांच्या कागदावर सही केली. चिटणिसालाही न जुमानणारी व्यवस्था मी इतकी वर्षे शोधत होतो.

तुझा,
दादा
राहते घर, पलंगावरून
१४ मार्च, शनिवार

ता. क. भेटायला येशीलच. येताना ओळखपत्र घे, वाटेत केंद्रात थांब आणि स्वतःच्या नावावर कुबड्या काढून आण.

आणखी एक ता. क. एकाने वस्तू काढून दुसऱ्याला वापरायला देऊ नये, हा नियम करायचा माझ्याकडून राहून गेला आहे. तू कुबड्या घेऊन पोचलीस की करीन.