लाल किल्ली

प्रिय रोंडा,

पाकीट जड लागलं म्हणून घाबरू नकोस. अकरा वर्षं मी फक्त वाढदिवसाची कार्डं पाठवली, पण आज सांगण्यासारखं बरंच आहे. सगळे जिवंत आहेत, हे आधीच सांगते.

जूनमध्ये तुझ्या बाबांनी गाडी घेतली. त्यांची ती सत्तर सालची नारिंगी शर्यतीची गाडी आठवते ना? तू चालवायला मागितलीस, तर ‘ही पोरींच्या हातात द्यायची वस्तू नाही’ म्हणाले होते आणि तुमचं बोलणंच तुटलं, तीच. कंपनीने आता तिच्याच नावाने नवी काढलीय. तोच रंग, तोच काळा पट्टा, ताकद दुप्पट. किल्ल्या दोन मिळतात. काळी रोजची, आणि लाल लावली की गाडी सगळी ताकद दाखवते. काळी स्वयंपाकघरात खिळ्यावर असते. लाल मला कधी दिसलीच नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग सीट. बाबांचे पाय लांब, त्यांची सीट कायम पार मागे, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एका मंगळवारी गॅरेजमधल्या फ्रीझरमधून मका काढायला गेले, तर सीट स्टिअरिंगला चिकटलेली! वर पेपरमिंटचा वास. म्हणजे कुणीतरी बुटकी बाई. मंगळवारी आणि गुरुवारी मी चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते, नेमक्या त्याच दोन दिवशी गाडी एकोणीस मैल फिरायची. आकडे मी लिहून ठेवले.

“कुठे गेला होतात?”

“ऑइल बदलायला.”

“आठवड्यातून दोनदा?”

“व्हर्ना, तुला गाडीतलं काय कळतंय?”

एवढं मात्र कळत होतं. गेल्या गुरुवारी गोधडीला दांडी मारली आणि माझी छोटी जपानी गाडी घेऊन मागे निघाले. ती बाबा घरामागे लपवून ठेवायला लावतात, ते जिथे गाड्या बनवायचे त्या कारखान्यातल्या जुन्या दोस्तांनी बघू नये म्हणून. नारिंगी गाडी पोचली त्याच, आता पाडलेल्या कारखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. स्टिअरिंगवर कोण? तुझी स्कूलबस चालवायच्या त्या मिसेस पिकरेल! खाली उशी, तोंडात पेपरमिंट. शेजारी बाबा, डोळे मिटून, गिअरवर हात ठेवून, इंजिनचा आवाज ऐकत ओरडत होते, “आता! आता बदल!”

मी तणतणत गेले. बाबा म्हणाले, “त्या जपानी डबीतून इथवर आलीस?” पिकरेलबाई बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “चिडू नकोस गं. एल्डनला सिग्नल दिसत नाही. मे महिन्यातच लायसन्स परत केलंय त्याने.”

त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी मैल मोजत बसले होते. चालवता येत नाही तर जूनमध्ये गाडी घेतली कशाला, विचारलं. त्यांनी खिशातून लाल किल्ली काढली. “ही रोंडाची. फोन करायचा धीर होत नाही.”

डॉक्टर म्हणतात, नाताळ येईपर्यंत त्यांना माणसांचे चेहरेही दिसेनासे होतील. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर सगळे घडीच्या खुर्च्या टाकून जुन्या-नव्या गाड्यांची मिरवणूक बघायला बसतील. त्या रांगेतून तू ही गाडी चालवावीस आणि त्यांनी शेजारी बसावं, एवढंच त्यांचं मागणं आहे. ते स्वतः कधी बोलणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. किल्ली मी त्यांच्या खिशातून काढून याच पाकिटात घातलीय. दोन दिवस ते घरभर शोधताहेत आणि माझ्याकडे संशयाने बघताहेत. बघू देत. तू ये.

तुझीच,
आई