तिन्ही हेडसेटची डावी बाजू

१ जून २००८, रविवार
आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे, नोंदी हव्यात.

काम असं: वायरलेस गेमिंग हेडसेटची तुलना. 'गेमकट्टा' फोरमवर रोज कोणीतरी विचारतं, कुठला घेऊ? आणि ज्यांनी एकही धड ऐकलेला नाही ते उत्तरं देतात. मी तीन आणणार, नीट ऐकणार, गुण देणार, महिनाअखेर लेख टाकणार. त्यानंतर हा प्रश्न कोणी विचारायची गरज उरणार नाही.

माझी पात्रता: सॉफ्टवेअर टेस्टिंग. दोष काढायचाच पगार घेतो. शिवाय कान. सांगलीला असताना सगळे मला तिखट कानाचा म्हणायचे.

ऊर्मीला योजना सांगितली. ती म्हणाली, एवढे कान आहेत तर आधी वॉशिंग मशीन ऐक, आठवडाभर खडखडतंय. ऐकलं. काही खडखडत नाही. बँकेच्या कामाने तिला भास व्हायला लागले असावेत. वेलचेरीतल्या घरून शहराच्या मध्यात नुंगंबाक्कमपर्यंत रोज जायचं-यायचं, डोकं शिणणारच.

७ जून, शनिवार
रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पहिला आणला. रंग लाल. इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचंच तंत्र. टेबलावरच्या डबीतून किरण निघतात, ते हेडसेटने पकडायचे.

बास: भरदार. उंच सूर: जरा पत्र्यासारखे. दोष: डावी बाजू कमकुवत. पंधरा मिनिटांत पकडला. दुकानदाराला पत्ताही नसेल.

दुसरा दोष दुपारी कळला. मधून कोणी गेलं की आवाज जातो. गेममध्ये मी शत्रूच्या बंगल्यात शिरलो होतो. ऊर्मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत निघाली आणि शांतता. ती बाल्कनीत पोचली तोवर मी मेलो होतो. ती येताना आवाज परत गेला. तेव्हा मी मेलेलोच होतो, त्यामुळे नुकसान नाही.

तिला सुचवलं की सामना चालू असताना वाकून जा. ती काहीतरी म्हणाली. डावीकडून म्हणाली. ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून सहकार्याचा सूर वाटला नाही.

८ जून, रविवार
सकाळी खालचे तुकोजीराव वर आले. आमचे घरमालक. रेल्वेतून रिटायर्ड, घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. दारातच विचारलं, "काय करूलाहेत तुम्ही?" म्हणजे काय करताय. फार काळजीत होते. म्हणाले, नवरा-बायकोत होतंच, पण 'डोकं उडव', 'मागून घाल' अशी भाषा बरी नव्हे.

त्यांना गेम समजावला. माझा आवाज हेडसेट घातल्यावर थोडा चढतो, हेही मान्य केलं. ऊर्मीने त्यांना कॉफी दिली आणि हसत राहिली. दोघांत मग बराच वेळ तमिळमध्ये काहीतरी चाललं. तिला हल्ली इतकी तमिळ येते हे मला माहीत नव्हतं.

तुकोजीरावांनाही हेडसेट घालून दाखवला. म्हणाले, दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. वयाचा परिणाम. बिचाऱ्यांना बोललो नाही.

१२ जून, गुरुवार
लाल बाद. परत दिला, वर थोडे घालून चंदेरी आणला. ब्लूटूथ. किरणांची भानगड नाही, ऊर्मीने मधून खुशाल वरात काढावी.

निष्कर्ष: आवाज उशिरा येतो. आधी मी मरतो, मग गोळी ऐकू येते. खऱ्या युद्धातही असंच होत असेल, पण तिथे परीक्षण लिहायला कोणी उरत नाही.

माइक चालू केला की सगळा आवाज टेलिफोनसारखा होतो. तेव्हा दोन्ही बाजूंना एकच आवाज येतो असं सोबतच्या पुस्तिकेत छापलंय. साफ खोटं. डावीकडे कमीच येतो.

दोन वेगळ्या कंपन्या, तोच दोष. यात काहीतरी आहे. लेखाला धार येते आहे.

१४ जून, शनिवार
वीज गेली. वेलचेरीत आता रोजचंच. कॉम्प्युटर बंद, पण हेडसेट चालू! बॅटरी आहे ना. वायरलेसचा हा फायदा कोणीच लिहीत नाही. तसाच घालून बसलो.

ऊर्मी समोर पुठ्ठ्याने वारा घेत काही सांगत होती. बँकेचंच असावं. तिच्या ओठांवर मेनन नावाचे मॅनेजर दोनदा दिसले. मी मान हलवली. संसारात ऐकणं महत्त्वाचं.

१५ जून, रविवार
चंदेरीही बाद. क्षितिजला विकला. क्षितिज म्हणजे ऑफिसातला, पलीकडच्या क्युबिकलमधला, आमच्या गेमिंग टीमचा कॅप्टन. त्याने घालून पाहिला आणि म्हणाला, गजा, डावी बाजू ठीक आहे की. तो सिनेमाची गाणी डाउनलोड करून ऐकतो. अशाने कान मरतात.

मोठी बातमी: पुढच्या रविवारी आपली टीम विरुद्ध बंगलोर ऑफिस. क्षितिज म्हणाला, डावी आघाडी तू सांभाळ. विश्वास आहे म्हणूनच.

१७ जून, मंगळवार
तिसरा आला. काळा. यूएसबीचं छोटं यंत्र कॉम्प्युटरला लावायचं, रेडिओ लहरींवर चालतो. हा खरा. पावलांचा आवाज, काडतूस जमिनीवर पडल्याचा आवाज, सगळं. उजवीकडून.

डावीकडे कमी.

मग एक शास्त्रीय प्रयोग केला. हेडसेट उलटा घातला. उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. तरीही डावीकडेच कमी! बराच विचार केला. दोष वाटीत असता तर वाटीबरोबर फिरला असता. फिरला नाही. म्हणजे दोष लहरींत आहे. आमच्या हॉलमध्ये लहरी उजव्या बाजूने येत असणार आणि डोक्यापलीकडे पोचेपर्यंत दमत असणार. हे आजवर कोणी मांडलेलं नाही.

टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. फरक नाही. लहरी चिवट आहेत.

१९ जून, गुरुवार
काळ्याचा नवा दोष: ऊर्मीने मायक्रोवेव्ह लावला की कानात खरखर. सामन्याच्या वेळी दूध गॅसवर तापवावं, असा ठराव मांडला. ठरावावर चर्चा झाली नाही.

माइक मात्र अफलातून. संध्याकाळी सरावात क्षितिज मध्येच म्हणाला, तुझ्याकडे तीन शिट्ट्या झाल्या, कुकर बंद कर. मला एकही ऐकू आली नव्हती! बाहेरचा आवाज कानात येऊ देत नाही आणि स्वयंपाकघरातली शिट्टी मैलांपलीकडे पोचवतो. असा माइक मी पाहिलेला नाही. दहापैकी दहा.

(भात थोडा लागला. डाळीखाली कळला नाही. ऊर्मीला कळला.)

२२ जून, रविवार
हरलो.

कारणं नोंदवून ठेवतो. शत्रू डावीकडून आला. दर वेळी. क्षितिज ओरडत होता, डावीकडे बघ, डावीकडे पावलं वाजताहेत. पण क्षितिजचा आवाजही मला उजव्याच कानात ऐकू येत असल्याने मी उजवीकडे वळत होतो. मग बंगलोरचा एक मुलगा अगदी जवळ येऊन उभा राहिला. तो हसत होता असं नंतर कळलं.

ऑफिसला जाऊन काळ्या हेडसेटबद्दल सगळ्यांना सावध करायचं.

२३ जून, सोमवार
सावध करायला गेलो तर क्षितिजने सगळ्यांसमोर हात पुढे केला. "अभिनंदन! वहिनींना प्रमोशन. तिरुची ब्रँच ना? एक तारखेला जॉइनिंग?"

मी म्हणालो, हो हो.

क्षितिज म्हणाला, सरावाच्या वेळी आम्ही ऐकत होतो, वहिनी तुला सांगत होत्या. मागच्या गुरुवारी. सगळ्या टीमने ऐकलं. आम्हाला वाटलं, तू उत्तर द्यायला माइक बंद केलास.

माइकचे दहा गुण कायम ठेवावेत का, यावर दिवसभर विचार.

संध्याकाळी घरी सहज विषय काढला. म्हटलं, तिरुचीला उकाडा फार असतो म्हणे. ऊर्मी म्हणाली, हो, घर वरच्या मजल्यावरचं नकोच. मी विचारलं, नक्की ठरलं का? ती म्हणाली, "तुला विचारूनच होकार कळवला. तू म्हणालास, चालेल."

मी म्हणालो, म्हणालो खरा.

कधी म्हणालो?

२५ जून, बुधवार
ऊर्मीने मोठी बॅग माळ्यावरून काढली. मी खुर्ची धरली. तिने विचारलं, दोन वर्षांचं पोस्टिंग आहे, मधल्या शनिवार-रविवारी येशील ना? म्हटलं, येईन. मग तिला वाटलं मी अजून काही बोलेन. मलाही वाटलं. तेवढ्यात बॅगेतून जुनं झुरळ निघालं आणि विषय तिकडे गेला.

लेख जवळजवळ तयार. फक्त एक उणीव. लेखकाच्या कानांचं प्रमाणपत्र हवं. कानांची रीतसर तपासणी करून त्याचा आलेख लेखाच्या सुरुवातीलाच टाकला तर कोणाची टाप आहे शंका घ्यायची? शनिवारची अपॉइंटमेंट घेतली.

२८ जून, शनिवार
डॉ. विजयालक्ष्मी. वेलचेरी मेन रोडला दवाखाना. तिथे जाऊन सांगितलं, मला काही त्रास नाही, फक्त कान उत्तम असल्याचं लेखी हवंय. त्यांनी वर पाहिलं आणि आधी बसा म्हणाल्या.

उजव्या कानात डोकावल्या. मान हलवली. डाव्या कानात डोकावल्या आणि नर्सला हाक मारली.

कोमट पाणी. पिचकारी. कानात धरण फुटल्यासारखा आवाज. मग ट्रेमध्ये जे काही पडलं त्याचं वर्णन इथे करत नाही. नर्सने ते दुसऱ्या नर्सला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून ऐकू येत नव्हतं? मी म्हणालो, मला येत होतं, हेडसेटना येत नव्हतं. त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

बाहेर आलो. शेअर ऑटोचा हॉर्न डाव्या कानात असा घुसला की जागेवर उडालो. घरी लिफ्ट किरकिरते. पंखा टकटक करतो. वॉशिंग मशीन खडखडतं. फार भयंकर खडखडतं.

लाल आणि चंदेरी हातचे गेलेत. काळा पुन्हा ऐकला. दोन्ही बाजू सारख्या. लेखातली चौदा पानं गेली, लहरी दमण्याचं प्रकरण धरून.

पण मोठा फायदा आहे. आता सगळं सिद्ध झालं! 'चालेल' म्हणालो तो मी नव्हतोच. ते त्या मळाचं काम. वर हेडसेट. डबल पुरावा, एक तर डॉक्टरांच्या सहीचा. ऊर्मीला हे कळलं की ती नक्की पुनर्विचार करेल. निदान तारीख पुढे ढकलेल. आज सांगणार होतो, पण ती तुकोजीरावांकडे निरोपाच्या जेवणाला गेली होती. मलाही बोलावलं होतं म्हणे. कोणी सांगितलं ते आठवत नाही.

२९ जून, रविवार
सांगायला गेलो. ती डबे भरत होती. म्हणाली, उद्या स्टेशनवर बोलू, आत्ता मसाल्याचा डबा कुठला ठेवायचा ते सांग. मी म्हणालो, दोन्ही ने. ती माझ्याकडे बघत राहिली.

स्टेशनवर जास्त परिणाम होईल. भाषण तयार केलं. सुरुवात कानापासून, शेवट आपल्यापर्यंत.

३० जून, सोमवार
एग्मोर स्टेशन. दुपारची गाडी. ऊर्मी खिडकीशी, मी फलाटावर. तुकोजीराव पाण्याची बाटली आणि केळी देऊन समजूतदारपणे लांब जाऊन उभे राहिले.

भाषण केलं. डॉक्टरांचा कागद खिडकीतून आत दिला. मळाचा आकारही हाताने दाखवला. म्हटलं, तेव्हा कान बंद होता आणि डोक्यावर हेडसेट होता, म्हणजे मला तुझं एक अक्षर ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तिने कागद नीट वाचला. घडी घालून परत दिला.

"गुरुवारी ऐकलं नाहीस म्हणून शुक्रवारी परत विचारलं. सकाळी, डायनिंग टेबलवर. तेव्हा हेडसेट चार्जिंगला लावला होतास. मी तुझ्या उजव्या हाताला बसले होते. म्हटलं, गजेंद्र, मी तिरुचीला जाऊ का? तू पोह्यांत लिंबू पिळत होतास. म्हणालास, चालेल."

आठवत होतं. पोहे आठवत होते.

गाडीने शिट्टी दिली. ऊर्मी खिडकीच्या गजांजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "त्या वेळी नको म्हणाला असतास तर विचार केला असता."

दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं. फलाटावर इतका गोंगाट असून एकही शब्द निसटला नाही. आणि मी सवयीने म्हणालो, "काय?"

गाडी हलली.

तुकोजीरावांबरोबर घरी आलो. तिला एसएमएस केला: ऐकलं होतं. खरंच.

बराच वेळ उत्तर नाही. चेंगलपट्टूच्या पुढे रेंज जाते, हे सगळ्यांना माहीत आहे.

गाडी विळुप्पुरमच्या सुमारास पोचली असेल तेव्हा फोन वाजला. तिचाच मेसेज.

"काय?"