तीनशे नंबरचा जंपर

बाळकुम, ठाणे
१४ नोव्हेंबर १९९९

चि. मालू,

मामाचे आणि शेवंतीमामीचे तुला आशीर्वाद. भोसरीच्या नोकरीत तू रुळलीस, जेवणाचा डबा बरा मिळतो, एवढं तुझ्या आईकडून कळतं. मला तुझं पत्र नाही, फोन नाही. त्याची तक्रार करायला मला तोंडही नाही. दिवाळीत तू घरी आली नाहीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की नवीन नोकरीत सुट्टी मिळत नसेल.

इकडे ठीक आहे. मामीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण खाली बसून भाकऱ्या थापायचं ती सोडत नाही. आपल्या शेताच्या पलीकडे, धाकूकाकाने विकलेल्या शेतावर, सात मजल्यांची इमारत झाली. धाकूकाका परवा तिच्या लिफ्टमधून चार वेळा वरखाली करून आला. वॉचमनने हटकलं तर म्हणाला, "माझेच शेतावर हाय तुझी लिफ्ट, बसू दे रं." खाडीला या वर्षी जाळ्यात कोलीम चांगली आली. मामीने तुझ्यासाठी वाळवून ठेवलीय.

अशा खबरी मी चार पानं लिहू शकतो. गेल्या आठवड्यात लिहिल्याही होत्या. ते पत्र फाडलं.

मालू, मला फेब्रुवारीतल्या त्या सहा पेट्यांबद्दल लिहायचंय. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. मधे थांबलो तर मी पुन्हा लिफ्टच्या गोष्टी सांगायला लागेन.

डिप्लोमा झाल्यावर तुला वागळे इस्टेटला आपल्या कारखान्यात मीच घेऊन आलो. गोपीनाथशेठना म्हटलं होतं, "भाची आहे म्हणून आणली नाही. डोकं बघा तिचं." पंपहाऊसच्या पेट्यांचं काम तुझ्याकडे आलं. टाकीत पाणी किती ते बघायचं आणि पंप आपोआप चालू-बंद करायचा. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची लिनक्स सिस्टीम तू त्या इवल्याशा बोर्डात बसवलीस. पेटीला पडदा नाही, कीबोर्ड नाही. मागून एक केबल काढून पीसीला जोडायची आणि पेटी उठताना काय काय बोलते ते ओळीओळीने वाचायचं. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण तू शेजारी उभं करून समजवायचीस, "मामा, ती उठताना एकेका पत्त्यावर विचारत जाते, इथे कोण आहे? उत्तर नीट आलं की पुढे जाते." तुझ्या दोन पेट्या टेबलावर महिनाभर न थांबता चालल्या.

बाकी सहा पेट्या माझ्या हाताखाली जोडल्या गेल्या. पंपाला हुकूम देणारी रिले कार्डं नंतर आली, म्हणून ती मी डोंबिवलीच्या पंपहाऊसवर, साइटवरच बसवली. प्रत्येक कार्डावर पत्ता ठरवायला जंपर असतो, दोन पिनांवर बसणारी काळी टोपी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तू कागदावर लिहून दिलं होतंस, पत्ता तीनशे चाळीस. खाली दोन रेघा मारल्या होत्यास.

उद्घाटनाच्या दिवशी पाणीपुरवठ्याचे साहेब आले, नारळ फुटला, मेन स्विच टाकला आणि सहाच्या सहा पेट्या उठता उठता अडकल्या. प्रत्येकीच्या ओळी त्याच जागी थांबल्या. पंप हाताने चालवायचं जुनं पॅनेल आदल्याच दिवशी काढलेलं. मागच्या चाळींना दोन दिवस पाणी मिळालं नाही. बायका हंडे घेऊन पंपहाऊसच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर तू केबल लावून जमिनीवर बसली होतीस. साहेबांनी तुला तिथून उठवलं. पेटीला हात लावू नका म्हणाले.

मग शेठच्या केबिनमधली ती मीटिंग. शेठ म्हणाले, "फुकटात मिळालेली सिस्टीम, तिचं दुसरं काय होणार?" तू शांत होतीस. म्हणालीस, "शेठ, इथल्या दोन पेट्या चालतात. साइटवर काहीतरी वेगळं आहे. मला एक पेटी उघडून बघू द्या." शेठ नाही म्हणाले. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस.

"मामा, कार्डं माझ्या कागदाप्रमाणेच बसवलीस ना?"

मी हो म्हटलं.

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, असं मी नऊ महिने स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला आठवत नव्हतं. "आठवत नाही" म्हणायला जीभ वळली नाही, कारण समोर शेठ होते, मागे माझ्या हाताखालची चार माणसं होती आणि बावीस वर्षांत माझ्या जोडणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तू माझ्या "हो"वर विश्वास ठेवलास. शेठना म्हणालीस, "मग चूक माझ्याच बाजूला असेल." आणि संध्याकाळी राजीनामा दिलास.

तिसऱ्या दिवशी जुनं पॅनेल परत चढवायला मी साइटवर गेलो. पहिली पेटी उघडली. जंपर तीनशेवर होता. दुसरी उघडली, तिच्यातही तीनशे. इतकी वर्षं प्रत्येक कार्ड तीनशेवर बसवत आलो, हाताने हीसुद्धा आपल्या सवयीने बसवली. तुझा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता, तोवर मी तो उघडलाच नव्हता. आता काढून वाचला. मी टोपी काढून तीनशे चाळीसवर लावली, केबल जोडली, स्विच टाकला. ओळी सरसर वर गेल्या आणि पंप घरघरला.

सहाही पेट्यांत तेच केलं. शेठना सांगितलं, "कनेक्शनं ढिली होती." शेठ खूश. तुझं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं म्हणत राहिलो. पेट्या आजही चालू आहेत, तुझ्याच सिस्टीमवर. आणि दसऱ्याला मशीनच्या पूजेनंतर शेठनी त्या कामासाठी मला शाल दिली. मी ती घेतली.

भाऊबीजेला तुमच्या घरी, आवडाबाईकडे गेलो. तुझ्या आईने ओवाळलं, ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "दादूस, तुला मशीनींचा समदा कलतं. माजे पोरीचा काय चुकला र? ती सांगत नाय. तू तरी सांग." तिला माझ्याविषयी शंकासुद्धा नव्हती. मी अर्ध्या ताटावरून उठलो आणि तिच्याकडे पाठ करून सांगितलं, "तिचं काही चुकलं नाही. माझं चुकलं." मग सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ताट उचलून आत नेलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी निघालो तेव्हा आतूनच म्हणाली, "तिला लिव."

काल शनिवारी कारखाना उघडला. मी सगळ्यांसमोर शेठना सांगितलं आणि शाल टेबलावर ठेवली. शेठ एवढंच म्हणाले, "नऊ महिने, दामाजी?" उद्यापासून टेस्टिंगचं टेबल माझ्या हाताखालच्या राघोकडे. मी स्टोअरमध्ये. ते बरोबरच केलं त्यांनी. तुझी चूक नव्हती असं शेठनी कंपनीच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय, ते सोबत जोडलंय. मी मागितलं नव्हतं, त्यांनी आपणहून दिलं.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. माफ कर असंही लिहायला हात धजत नाही. तुझ्या कामात खोट नव्हती, हे तुला माझ्याच अक्षरात मिळायला हवं होतं. ते नऊ महिने उशिरा पाठवतोय.

तुझं उत्तर आलं नाही तरी मी समजेन,
दामाजीमामा


भोसरी, पुणे
१९ नोव्हेंबर १९९९

ती. मामा,

पत्र मंगळवारी मिळालं. तीन दिवस जवळ ठेवलं. आज डब्यातलं जेवण झाल्यावर उत्तराला बसलेय, रागात असले की मला जेवण जात नाही, तेव्हा आता रागात नाही हे तुला कळेल.

मला ठाऊक होतं.

राजीनाम्यानंतर आठ दिवसांनी मी इथे मुलाखतीला निघाले. खोपटच्या डेपोत पुण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. साइटवर पेटी जिथे अडकली ती शेवटची ओळ मी वहीत उतरवून घेतली होती, ती सारखी वाचत होते. सिस्टीम त्या वेळी नेटवर्कचं कार्ड शोधत होती. आणि ते ती सगळ्यात आधी शोधते तीनशेवर. तिथे दुसरंच कुणी असेल तर ते भलतंसलतं उत्तर देतं आणि ती तिथेच गोठते. बाकावर बसल्या बसल्या कळलं की तीनशेवर तुझं रिले कार्ड बसलंय.

समोरच फोनचा बूथ होता. मी फोन केला नाही. मामा, जंपर कुणाकडूनही चुकतो. मला राग त्या "हो"चा होता. मी ठरवलं, आता त्याने स्वतःहून बोलायचं. दर रविवारी वाटायचं की आज फोन येईल. दिवाळीत सुट्टी होती. आले असते तर आईसमोर माझ्या तोंडून निघून गेलं असतं, म्हणून आले नाही.

आता माझंही ऐक. सिस्टीमला उठायच्या आधी एक ओळ देता येते, तीनशेला हात लावू नकोस म्हणून सांगणारी. मला ती माहीत होती. दिली असती तर जंपर चुकला तरी पेट्या उठल्या असत्या. माझ्या दोन पेट्या चालत होत्या म्हणून मी तेवढ्यावर थांबले. साइटवर माणसं काम करतात आणि माणसांचे हात जुन्या सवयीने चालतात, हे मी धरूनच चालायला हवं होतं. इथे मी प्रत्येक पेटीत ती ओळ घालते. मागच्या पानावर तुझ्यासाठी लिहून दिलीय. राघोला दे. सहाही पेट्यांत घालायला सांग आणि तो घालत असताना तू शेजारी उभा राहा.

शेठचा कागद परत पाठवतेय. तो आईकडे दे. तिला वाचता येत नाही, पण शिक्का असलेला कागद ती जपून ठेवते.

काल आईला शेजारच्यांकडे फोन केला. म्हणाली, तू तिच्याकडे अर्धवट जेवून उठलास, ते तिच्या मनाला लागून राहिलंय. तेव्हा आधी तिच्याकडे जाऊन जेव.

स्टोअरमध्ये फार मान खाली घालून बसू नकोस. सोल्डरिंग आयर्न कसं धरायचं ते मला तूच शिकवलंस. सातवीत होते मी. माझं बोट भाजलं तेव्हा तू स्वतःच्या बोटावरचा डाग दाखवला होतास. इथल्या नव्या पोरींना मी तसंच शिकवते.

पत्राच्या शेवटी साष्टांग नमस्कार लिहायची आपली रीत आहे. मी ती जागा रिकामी सोडतेय. पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला, बाळकुमला येते आणि तिथेच वाकून करते.

तुझीच,
मालू