डोळे बांधून केलेला सराव

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी तुमच्याविषयी पुष्कळ बोललो, सत्काराला उत्तर देताना, पेपरवाल्यांशी, टर्फवर येणाऱ्या लोकांशी. तुमच्याशी मात्र एकदाही नाही. लातूरला क्लासेसच्या मागच्या गल्लीत मी फुटबॉलचं टर्फ काढलंय. फुटबॉलचं म्हणायचं, चालतं ते क्रिकेटवर. डॉक्टर व्हायला आलेली पोरं संध्याकाळी तासभर बॅट फिरवतात आणि जाता जाता विचारतात, काका, तुम्ही खरंच कलकत्त्याला खेळलात का? मी हसतो, भिंतीवरचा फोटो दाखवतो. त्यात मी हेडर मारतोय आणि माझे डोळे मिटलेले आहेत. त्यावर मी एक विनोद करतो, पोरं हसतात, माझा धंदा चालतो.

तुम्ही अहमदपूरच्या शाळेत पीटीचे मास्तर. मार्केट यार्डातल्या हमालाच्या पोराला तुम्ही बचावाला उभं केलंत ते नुसतं अंग बघून. पहिल्याच आठवड्यात माझी खोड तुमच्या लक्षात आली. मी बॉलकडं बघत राहायचो आणि माणूस बाजूनं निघून जायचा. "आरं, बॉल काय आपल्या मनानं पळतो का? त्याला पाय पळवतो. पाय आयक, पाय!" असं म्हणून तुम्ही खिशातली दस्ती काढून माझ्या डोळ्यांवर बांधलीत. तिला तंबाखूचा आणि निळीचा वास. समोरून एकानं बॉल घेऊन यायचं, आणि तो डावीकडून निघणार की उजवीकडून हे मी ऐकून ओरडायचं. पाय जागचा हलवायचा नाही, हा तुमचा दंडक. उन्हाळ्यात आपल्या मैदानाची काळी माती भेगाळून विटेसारखी कडक व्हायची, टाच न् टाच वाजायची. दोन महिन्यांत मला अंगाचा भार कोणत्या पायावर आहे, दम कुठं तुटलाय, बॉल पायापासून किती लांब पडलाय, सगळं ऐकू यायला लागलं. तुम्ही बाकीच्यांना सांगायचात, "ह्याला बांधा न्हाईतर सोडा, ह्याला दिसतंच."

ते वाक्य तुमचंच होतं, सर. पुढं तुम्ही ते कसं विसरलात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला चकवायचा तो एकटाच. उमरीचा, मामाकडे शिकायला राहिलेला. त्याचा पाय जमिनीला लागलाय की नाही याचाच पत्ता लागत नसे. दहातून दोनदा तरी तो मला खोटं पाडायचा आणि जाता जाता टोमणा मारायचा, "काय रे खांबा, आज बी हुबाच का?" मला राग यायचा नाही. त्याची मामी दशमी द्यायची, तो अर्धी मला द्यायचा. मैत्री होती, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्यासाठी काही सोयीचं कारण शोधणार नाही.

रविवारी नांदेडला निवड चाचणी होती. बाहेरच्या एका मोठ्या क्लबची माणसं येणार होती, आणि त्यांनी प्रत्येक मास्तरला एकच खेळाडू आणायला सांगितलं होतं. त्याआधीच्या बुधवारी मी तुमच्या घरी बॉलला हवा भरायला आलो होतो. मी ओसरीवर, तुम्ही आत चुलीपुढं जेवायला बसलेले. तुमच्या बाईंनी विचारलं, "मग कोणतं पोरगं नेणार?" तुम्ही म्हणालात, "उमरीचंच. ह्याच्यात कष्ट हायेत, पण त्याच्यात खेळ हाय." बाई म्हणाल्या, "आन् ह्याला काय सांगणार?" तुम्ही म्हणालात, "पुढच्या साली बघू म्हणायचं. समजूतदार हाय ते." ताटात डाळ वाढल्याचा आवाजसुद्धा मला आठवतो. तुम्हीच तयार केलेले कान होते, आणि मध्ये नुसता पडदा. बाईंनी मलाही आत बोलावलं. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा चांगला झालाय असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर उभा आहे. तुम्ही दस्ती बांधता, गाठ नेहमीसारखी दोनदा ओढता. तो येतो. बॉल डावीकडं ढकलल्याचा आवाज येतो, मग एक हलकं पाऊल, दुसरं हलकं पाऊल, आणि मग ते जड पाऊल, उजव्यानं मारण्याआधी डावा पाय मातीवर रोवतात ते. त्या क्षणी सगळा माणूस त्या एका पायावर असतो, हे तुम्हीच शिकवलेलं. तो पाय कुठं आहे हे मला उघड्या डोळ्यांनी दिसलं नसतं इतकं स्वच्छ कळलं. मी ओरडलो नाही. मी माझा बूट तिथं घातला, सगळं वजन घालून.

वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. तो आधी ओरडलाच नाही. मग म्हणाला, "मामी." एवढंच.

मी दस्ती ओढून काढली आणि रडलो. रडणं खरं होतं. "तोल गेला सर" हे मात्र खोटं होतं. ते तोंडातून इतक्या लवकर निघालं की तयार करूनच ठेवलं असावं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. डोळे बांधलेल्या माणसाला काय दिसणार? त्याचा मामा शाळेत येऊन सगळ्यांसमोर तुमच्या अंगावर धावला. "मास्तर हायेस का कसाई?" तुम्ही खाली मान घालून उभे. तुम्ही हेडमास्तरांना लिहून दिलंत की कवायत माझी, डोळे मी बांधले, पोरांचा काही दोष नाही. शाळेतला फुटबॉल त्या दिवशी बंद झाला. तुम्ही रिटायर होईपर्यंत प्रार्थनेच्या रांगा सरळ केल्यात.

आणि तरी रविवारी तुम्हीच मला एसटीनं नांदेडला नेलंत. वाटेत लोह्याला एसटी थांबली. मग तुम्ही पिशवीतून नडगीला बांधायचे नवे कोरे गार्ड काढून माझ्या मांडीवर ठेवलेत. "मनाला लावून घेऊ नको. डोळं म्या बांधले व्हते." गार्ड मला एक माप आखूड होते. कुणासाठी घेतले होते ते मी विचारलं नाही. ते बांधूनच खेळलो, आणि निवडलो गेलो.

चौदा वर्षं खेळलो, सर. कलकत्ता, गोवा, शेवटी केरळ. माझे गोलकीपर मराठी शिकले, "सोड" आणि "माझा" एवढं तरी. टीव्हीवर माझ्याबद्दल म्हणायचे, याला पाठीमागे डोळे आहेत. आणखी एक म्हणायचे, हा सज्जन बचावपटू आहे, पायावर जात नाही. त्याचं बक्षीसही मिळालं एकदा. खरं असं होतं की समोरच्यानं पाय रोवला, तो जड आवाज झाला, की माझा पाय आपोआप मागे यायचा. गोव्यातल्या कोचनं ते ओळखलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला कळतं सगळ्यांच्या आधी, आणि पोचतोस सगळ्यांच्या मागून. कुणाला घाबरतोस?" पुढच्या मोसमाला त्यानं मला ठेवलं नाही. गोल वाचवलेले कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, बचावपटूच्या नावावर गेलेले गोलच राहतात. माझ्या नावावर राहिलेल्यांतले निम्मे तरी त्या मागे घेतलेल्या पायाचे आहेत.

एकदा सुट्टीत तुमच्याकडं आलो होतो. पेपरातलं कात्रण दाखवलं. बाई तेव्हा नव्हत्या राहिल्या, चहा तुम्हीच टाकलात. कात्रण वाचून तुम्ही घडी घातलीत आणि सहज विचारल्यासारखं विचारलंत, "आता बी दस्ती बांधली तर सांगशील का रे, पाय कुठला ते?" मी छाती काढून म्हणालो, "कवाबी सांगीन की सर. कवाच चुकलो न्हाई." तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. चहा उतू गेला तरी उठला नाहीत. मग म्हणालात, "हाव. कवाच चुकला न्हाईस तू." त्यानंतर तुम्ही मला एकही फोन केला नाही. मी केला तर शेजारच्यानं घेतला, सर झोपलेत म्हणाला. तुम्हाला त्या दिवशी कळलं, हे मला बसमध्येच समजलं होतं. तरी तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर तुमची निम्मी बदनामी धुतली गेली असती.

मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाला उमरीला गेलो होतो. मंडपाबाहेर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान, आणि काउंटरमागे तो. केस पिकलेत, बाकी तेच तोंड. "आरं खांबा! लई मोठा माणूस झालास की. बस, बस." त्यानं चहा मागवला, माझ्या मॅच कोणत्या कोणत्या बघितल्या ते सांगितलं, मला आठवत नव्हत्या अशाही. दुकानातल्या गिऱ्हाईकाला म्हणाला, "हा आन् मी संगं खेळलेलो." मग तुमचा विषय निघाला. तो तारेचं वेटोळं खाली ठेवून म्हणाला, "सर वारले तवा मी मातीला आलो न्हाई. निरोप आला व्हता. म्हणलं, कशाला जाऊ? डोळं बांधून कुणी खेळवतं का रे लेकरांना? माझा पाय त्या मास्तरच्या येडेपणापायी गेला. मेल्यावर बी मी त्येला माफ केलं न्हाई." आणि माझ्याकडं बघून, "खरं का न्हाई?"

मी म्हणालो, "हाव."

सर, त्या वेळी मी सोळा वर्षांचा नव्हतो. समोर कुणी निवडायला बसलं नव्हतं. चहा हातात होता, दुपारचे बारा वाजले होते, आणि तो माणूस माझ्याशी प्रेमानं बोलत होता. तो आतून गिऱ्हाईकाचं बिल आणायला उठला तेव्हा त्याची चाल ऐकली. एक पाऊल आणि एक ओढ, एक पाऊल आणि एक ओढ. तुमच्या नावानं तो चालतोय.

हे कागद टाकायला टपालाची पेटी नाही, ते मला कळतं. सांगायचं ते त्याला सांगायला पाहिजे, तुम्हाला नाही. म्हणून काल गाडी काढली. घरी सांगितलं, टर्फची जाळी फाटलीय, नांदेडहून नवी आणतो. नांदेडपर्यंत गेलो. उमरीचा रस्ता जिथून फुटतो तिथं गाडी बाजूला घेऊन तासभर बसलो. मग बाजारात वळलो आणि खरंच जाळी घेतली. चांगली मिळाली, नायलॉनची. आज सकाळीच बांधून टाकली.