तीनच दिवस बसते

आई, उद्या सकाळी माझी पिशवी काढणार आहेत. तुला असं एकदम सांगायला नको होतं, पण आपल्या घरात अशा गोष्टी आडवळणाने सांगायची तरी कुठे सोय होती? तुला वाचता येत नव्हतं. ही बाळबोध अक्षरं आपल्या घरात अप्पांच्या मागे फक्त मलाच येतात, दादालाही येत नाहीत. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या तमिळ बाईने कागद उचलला तरी तिला काही कळायचं नाही. तेवढ्याच धीरावर लिहायला बसले आहे.

काल सकाळी घोड्याचा जटका करून एकटीच इस्पितळात आले. दारातच नर्सने विचारलं, “टीचर, कूड यारु?” सोबत कोण आहे, हे ती प्रत्येकीलाच विचारते, पण माझं उत्तर ऐकून तिने चुकचुक केलं. दादा दिल्लीला आहे. त्याचं इंग्रजीत पत्र आलंय की रजा मिळत नाही, पुढच्या आठवड्यात वहिनीला पाठवतो. पुढच्या आठवड्यात मला फक्त कण्हायचं आहे, ते मी एकटीही करू शकते. संमतीच्या कागदावर माझी मीच सही केली. मग नर्सने पडदा ओढला आणि पोटाखालचं सगळं वस्तऱ्याने साफ केलं. मला वाटलं होतं लाजेने मरून जाईन, पण ती दुधीची साल काढावी तशी भराभर हात चालवत होती, शेजारणीशी भाताच्या भावाबद्दल बोलत होती. मला हसूच आलं. ती गेल्यावर मात्र रडले. नाकातली चमकी काही केल्या निघेना, तेव्हा तिनेच परत येऊन, खोबरेल लावून अर्धा तास खटपट केली. तुझीच ती. नाक इतकं मोकळं लागतंय की सारखा हात जातो. आज संध्याकाळी साबणाच्या पाण्याचा एनिमा, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही.

आता भेटीची वेळ आहे. सगळ्या खाटांभोवती माणसं जमली आहेत, डबे उघडलेत, रसम-भाताचा वास सुटलाय. शेजारची बाई पापनाशमची आहे. तिची सासू तिचे केस विंचरते आणि विंचरता विंचरता तिला शिव्याही घालते. अशा शिव्या खायला मिळाव्यात म्हणून मी आज काहीही दिलं असतं. म्हातारीने मघाशी मलाही विचारलं, “तुमची माणसं यायची आहेत का अजून?” मी हो म्हटलं. खोटंच.

पण त्याहून मोठं खोटं मी काल बोलले. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि विचारलं, “तुमच्या आईला असं काही होतं का? नीट आठवून सांगा. त्यावर आत किती शोधायचं आणि काय काय काढायचं, ते मला ठरवावं लागेल.” बाई करड्या आहेत, पण हात ऊबदार आहेत त्यांचे. मी म्हणाले, “नाही. अशक्तपणाने गेली. पाळी तीनच दिवसांची, नियमित.” हे वाक्य माझं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी अप्पांनी म्हटलं होतं, तेच माझ्या तोंडून निघालं.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आपल्या घरात मागच्या ओसरीवर बसायचे तीन दिवस काही हलले नव्हते. तुझं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. महिन्यातले वीस-वीस दिवस. तरीही तू बसायचीस तीनच. चौथ्या दिवशी विहिरीवर नहायचीस, ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरायचीस, आणि सगळं घर समजायचं की झालं, ही बरी झाली. तू चुलीशी दिसलीस की तू ठीक, ओसरीवर दिसलीस की तुला अडचण. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. एका पहाटे मी तुला न्हाणीघरात जुन्या लुगड्याच्या घड्या धुताना पाहिलं. तुझं नहाणं होऊन आठ दिवस झाले होते. पाणी लाल होतं. तू दचकलीस, मग मला जवळ ओढून म्हणालीस, “हळू बोल गे. अप्पांस सांगू नको. मज बसवलं तर चूल तुझ्या गळ्यात पडंल, मग परीक्षा कोण देणार? तुझी परीक्षा होऊ दे, मग पाहू.” माझी ट्रेनिंगची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी मान हलवली. मला हायसं वाटलं होतं, आई. तुझी काळजी वाटायच्या आधी हायसं वाटलं. त्यानंतर घरात माणसं असली की मी तुझ्या मागे मागे चालायचे, लुगड्यावर डाग दिसू नये म्हणून. अप्पा कौतुकाने म्हणायचे, मुलगी आईचा पदर सोडत नाही.

मग तू विहिरीपाशी चक्कर येऊन पडलीस आणि अप्पांनी डॉक्टरांना घरी आणलं. ते झोपाळ्यावर बसलेत, तू आणि मी दाराआड उभ्या आहोत, अप्पा मध्ये. डॉक्टर विचारतात, महिन्याला किती दिवस? अप्पांचे कान लाल होतात. ते एकदा मागच्या ओसरीकडे बघतात आणि म्हणतात, “तीनच दिवस बसते. चौथ्या दिवशी नहाते. कधी चुकलं नाही.” ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिलं तेच मोजलं. तू दाराची चौकट धरून माझ्याकडे बघतेस. मी खाली बघते. डॉक्टर लोहाचं टॉनिक लिहून देऊन जातात.

परीक्षा पास झाले. नोकरी लागली. पहिलं वर्ष संपायच्या आत तू गेलीस. शेवटी शेवटी तू ओसरीवरच असायचीस, चौथा दिवस उगवायचाच नाही, आणि चूल माझ्याच गळ्यात पडली. अप्पा शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, अशक्तपणाने गेली. मी कधी त्यांना दुरुस्त केलं नाही.

माझंही अंगावरून जायला लागलं तेव्हा मी घरात एकटीच होते. गंमत बघ, सुरुवातीला मी तीन दिवस ओसरीवर बसायचे. कुणाला शिवायचं नाही म्हणून? शिवायला होतं कोण? भूक लागली की उठून मीच चूल पेटवायची आणि मीच स्वतःला रागवायचं. मग सोडून दिलं. वर्षभर मीही कुणाला काही सांगितलं नाही, शाळेत तर नाहीच. वर्गात फळ्यासमोर पडले, तेव्हा इथवर आले.

आज दुपारी राहवलं नाही. नर्सला सांगून डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, काल चुकीचं सांगितलं. आईचं दीड वर्ष जात होतं, वीस-वीस दिवस, गाठी पडायच्या, शेवटी वास यायचा. घरी आलेल्या डॉक्टरांना यातलं काही कळलंच नाही. तुझ्याबद्दल इतकं उघडं मी कधी कुणाशी बोलले नव्हते. तेही तमिळमधून, अनोळखी बाईसमोर. जीभ अडखळत होती. त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आता मी नीट शोधीन. जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, “तुम्हांला माहीत होतं, मग त्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

मी म्हणाले, “मी लहान होते.”

त्यांनी पाठीवरून हात फिरवला. इतका वेळ कुणी मायेने हात लावला नव्हता, म्हणून मी तो राहू दिला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा तुला तरी खरं सांगते. मी एकवीस वर्षांची होते.